पाण्याखालचा दगड

माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या बोटात पोवळ्याची अंगठी असे. पत्रिकेत मंगळ होता म्हणून लग्नाआधी कुणीतरी ती घालायला सांगितली होती म्हणे. मंगळाची पीडा टळली की नाही हे आजीने कधी सांगितले नाही, पण अंगठी मात्र शेवटपर्यंत बोटातून निघाली नाही. भाकरी थापताना ती पिठाने भरून जायची, मग आजी पदराच्या टोकाने पुसून तिचा तांबडा ठिपका पुन्हा उजळ करायची. "हे कुठून आणलेस गं?" असे विचारले की ती म्हणे, "दर्यातसून." आजीचे घर मालवणला, दर्या अगदी दाराशी. तेव्हा मी माझ्यापुरती समजूत करून घेतली की आजोबांनी एके दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यामागे बुडी मारली असणार आणि मुठीत पोवळे घेऊनच ते वर आले असणार.

ही गोड समजूत पुढे कॉलेजात आल्यावर मोडली. अंगठीतले तांबडे पोवळे आपल्या समुद्रातले नव्हेच. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते. त्याचा आणि समुद्रात भिंती नि बेटे उभारणाऱ्या प्रवाळांचा संबंध दूरच्या चुलत्यासारखा. पण गंमत अशी की, किल्ल्यामागे बुडी मारल्यावर काहीच मिळाले नसते असेही नाही. तिथे खरेखुरे प्रवाळ आहेत. तपकिरी, शेवाळी रंगाचे, कुणी अंगठीत घालणार नाही असे. माझ्या आजोळच्या दारापासून होडीने दहा मिनिटांवर ते होते आणि वयाची एकोणीस वर्षे होईपर्यंत मी त्यांच्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

पाहिले नव्हते तरी त्यांच्यावर भाषण मात्र केले होते! गेल्या वर्षी मी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेला गेले होते हे वर्गातल्या मंडळींना आठवत असेल. निदान त्या आठवड्यातली माझी हजेरी कशी लागली हे तरी नक्कीच आठवत असेल. विषय होता, 'तापत्या समुद्रात प्रवाळ टिकतील काय?' मी 'टिकतील' असे म्हणायचे ठरवले. कारण फार उदात्त नव्हते. बाकीचे सगळे 'नाही टिकणार' म्हणून रडणार, तेव्हा आपण आशा दाखवली तर टाळ्या पडतील, हा हिशेब. तीन दिवसांत माहिती गोळा केली आणि तीन खांब उभे केले. पहिला खांब असा की, आजच्या प्रवाळांचे पूर्वज सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर आले, डायनोसॉर येऊन गेले तरी हे आहेतच. दुसरा असा की, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर २०२२ साली उत्तर आणि मध्य भागात प्रवाळांचे आच्छादन छत्तीस वर्षांतले सर्वांत जास्त नोंदले गेले. तिसरा म्हणजे विज्ञान: रोपवाटिकेत रोपे वाढवावीत तसे शास्त्रज्ञ प्रवाळ वाढवत आहेत. शेवटी हात उंचावून "जीवन हरत नाही!" असे काहीतरी म्हटले. दुसरे बक्षीस मिळाले.

चहाच्या वेळी परीक्षकांपैकी भूगोलाच्या एक प्राध्यापिका जवळ आल्या. "आजोळ मालवणचे म्हणालात भाषणात. मग तिथले प्रवाळ पाहिले असतील?"

मी "हो" म्हटले.

का म्हटले कोण जाणे. हातात बक्षिसाचे पुस्तक होते, भोवती चार माणसे होती. त्या हसून म्हणाल्या, "भाग्यवान आहात. आम्ही अजून पुस्तकातच पाहतो." तो बिस्किटाचा तुकडा माझ्या घशाखाली उतरला नाही. तेव्हाच ठरवले की दिवाळीच्या सुटीत मालवणला जायचे आणि ते 'हो' खरे करून यायचे.

माझा मामा पूर्वी मासेमारी करी. आजोबांच्या वेळेपासून घराण्याचा रापणीत वाटा होता. पण पर्ससीनच्या मोठ्या बोटी आल्या, मग रात्री दिव्याच्या झोतात मासे गोळा करून उपसणाऱ्या बोटी आल्या, आणि रापण ओढून हाताला पेडवेसुद्धा लागेनात. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ साली बंधने घातली, दिव्याच्या मासेमारीला केंद्राने २०१७ साली बंदी केली. मामाचे म्हणणे, कायदा किनाऱ्यावर राहतो, दिवे समुद्रात दिसतात. शेवटी त्याने बँकेचे कर्ज काढून फायबरची होडी घेतली आणि पर्यटकांना किल्ल्याच्या आसपास पाण्याखालचे जग दाखवायला नेऊ लागला. स्नॉर्केलिंग हा शब्द त्याच्या तोंडी आता पेडवे-बांगड्याइतका रुळला आहे. दिवाळीचे आठ-दहा दिवस म्हणजे त्याचा सुगीचा काळ. मी पोचले त्या दिवशी किनाऱ्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची अशी रांग होती की आजीच्या घराकडे जाणारी पाणंदसुद्धा अडली होती. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकांच्या आधी, सकाळी सातच्या सुमारास, मामाने मला एकटीला नेले.

डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, अंगात फुगलेले जाकीट. पहिली काही मिनिटे मला माझ्या श्वासाखेरीज काही कळलेच नाही. एखादा म्हातारा दम लागून जिना चढतो आहे असा आवाज कानात येत होता. मग हळूहळू नजर बसली. पाणी चित्रांतल्यासारखे निळे मुळीच नव्हते. हिरवट, किंचित गढूळ, वरून आलेल्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांत धूळ तरंगावी तसे. आणि खाली खडप. त्या खडपावर मधूनमधून गोलाकार उंचवटे होते, कुणी उपडी ठेवलेली घागर म्हणावी तर कुणी परात. जरा जवळून पाहिले तर त्यांच्या पृष्ठभागावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरे. एका बाजूला तबकडीसारखे पसरट काहीतरी, एकावर एक पाने रचल्यासारखे. त्याच्या सावलीत एका शेवंडीच्या मिशा हलत होत्या. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे माझ्या हातापर्यंत येत नि पुन्हा वळत. ते प्रेमाने येत नव्हते, पर्यटकांच्या पावाला सोकावले होते, हे मला मागाहून कळले.

मी त्या रंगहीन देखाव्याने थोडी खट्टू झाले होते हे कबूल करते. भाषणात मी 'समुद्रातले इंद्रधनुष्य' वगैरे म्हटले होते!

इतक्यात मास्कमध्ये पाणी शिरले. नाकातोंडात खारट झणका बसला, मी घाबरले, आणि घाबरलेला माणूस करतो तेच केले. पाय खाली टेकले. पायाखाली काहीतरी कठीण लागले, त्यावर उभी राहिले, डोके पाण्याबाहेर काढले. किती बरे वाटले म्हणून सांगू!

"पाय वर घे! पाय वर घे गो, बाय!" मामा होडीतून ओरडत होता.

त्याने मला बखोटीला धरून होडीत ओढले. तळपायाला खरचटून रक्त येत होते. मी म्हटले, "मामा, दगड होता म्हणून वाचले." त्याने माझ्या पायाकडे पाहिले नाही, पाण्याकडे पाहिले आणि म्हणाला, "दगड न्हय तो. जितो आसा. तुझ्या आवशीच्या वयाचो आसतलो."

आईच्या वयाचा! मी त्या वेळी हसले. पण घरी आल्यावर हिशेब केला तर मामाचा अंदाज फारसा चुकीचा नव्हता. अशा गोल, भरीव प्रवाळांची वाढ वर्षाला फार तर सेंटिमीटरभर, कित्येकांची त्याहूनही कमी. परातीएवढा उंचवटा व्हायला तीस-चाळीस वर्षे सहज लागावीत. आई शाळेत जात असेल तेव्हा कुठे तिथे एक अळी येऊन बसली असेल, टाचणीच्या टोकाएवढी. तिच्यापासून एक जीव, त्याचे दोन, दोनाचे चार, आणि प्रत्येक जीव आपल्या बुडाखाली चुन्याचा पातळ थर टाकत वर सरकलेला. म्हणजे वरची केवळ काही मिलिमीटरची साय जिवंत, बाकी सगळे तिच्या पूर्वजांनी बांधलेले घर. आणि माझी टाच बरोबर त्या सायीवर पडली होती.

या सायीच्या आतही एक बिऱ्हाड असते. प्रवाळाच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हातून अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे यजमानाला देते. प्रवाळाच्या गरजेचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा अशा रीतीने भागू शकतो. यजमान त्याबदल्यात जागा देतो आणि आपल्या उत्सर्जनातून त्याला खत पुरवतो. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या पोटभाडेकरूचाच. हा संसार सुरळीत चालतो तो तापमानाच्या फार अरुंद पट्टीत. आपल्या अंगाचे तापमान सदतीसचे अडतीस झाले की आपण पांघरूण घेऊन पडतो, तसेच हे. तिथल्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यात पाणी जितके तापते, त्याहून केवळ एक अंश अधिक तापले आणि ते चार-पाच आठवडे तसेच राहिले की बिनसते. शैवालाच्या कामात बिघाड होऊन विषारी द्रव्ये तयार होऊ लागतात आणि प्रवाळ त्याला घराबाहेर काढतो. मग खालचा पांढरा चुना पारदर्शक कातडीतून दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. उष्मा लवकर ओसरला तर शैवाल परतते, रंग परततो. नाही ओसरला तर काही आठवड्यांत उपासमारीने तो मरतो आणि त्या चुन्यावर भलतेच शेवाळ माजते.

मालवणच्या प्रवाळांनाही हा ताप नवा नाही. २०१४-१५च्या सुमारास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इथले विरंजन नोंदवले. त्याच संस्थेतील मंडळींनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, हौशी पाणबुड्यांमुळे मालवणच्या अभयारण्यातले प्रवाळ कसे जखमी होतात ते मांडले. अभयारण्य, होय! १९८७ साली इथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. शिवाय २००१पासून सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी सकाळी वाघाच्या पंक्तीतल्या प्राण्यावर उभी राहिले होते.

हे सगळे डोक्यात घेऊन मी संध्याकाळी खळ्यात मामापुढे उभी राहिले. तो हिशेबाची वही घेऊन बसला होता. मी वक्तृत्वाचा सराव असल्यासारखी सुरू झाले: इतक्या होड्या, प्रत्येक होडीचा नांगर खडपावर, न पोहता येणारी माणसे पाय टेकतात, तुम्ही फोटोसाठी पाव टाकता, त्या अभ्यासात सगळे आले आहे, तुम्हीच तुमचे प्रवाळ मारता आहात. 'तुम्ही' म्हणाले मी त्याला. एरवी मी मामाला 'तू'च म्हणते.

त्याने वही मिटली. आवाज चढवला नाही. "पाव टाकू नको म्हणतस, बरा, बंद केलो. नांगर टाकू नको म्हणतस, तोय बंद. पण समुद्र तापयलो कोणी? माझ्या ह्या होडयेन?"

मला उत्तर सुचले नाही. मामी आतून म्हणाली, "जेवूक चला." कुणी उठले नाही. मग तो म्हणाला की मासे गेले तेव्हा आम्हाला कुणी विचारले नाही. अभयारण्य झाले तेव्हाही आम्हाला आधी कुणी विचारले नाही, म्हणून मच्छीमारांनी विरोध केला. आता प्रवाळ चालले तर पहिला हप्ता कुणाचा थकणार, तुझ्या कॉलेजाचा की माझा? हे सगळे मालवणीत, हळू आवाजात, वहीच्या पुठ्ठ्यावर नख घासत.

रात्री झोप लागली नाही. पायाची जखम ठसठसत होती आणि माझे तीन खांब एकेक करून डोळ्यांपुढे हलत होते.

चोवीस कोटी वर्षे हे खरे आहे. पण त्या काळात प्रवाळांच्या भिंती पृथ्वीवरून अनेकदा नाहीशा झाल्या आणि पुन्हा उभ्या राहायला लक्षावधी वर्षे गेली. डायनोसॉर ज्या संकटात संपले त्यातही प्रवाळांच्या कितीतरी जाती संपल्या. कुठल्यातरी खाचेत चार जाती उरतात आणि वंश चालतो. 'टिकतील' हे माझे भाषण वंशाबद्दल होते. मामाचा प्रश्न त्या परातीएवढ्या दगडाबद्दल होता. हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे तीन दिवसांच्या तयारीत माझ्या ध्यानातच आले नव्हते, आणि परीक्षकांनी ते ध्यानात येऊनही मला दुसरे बक्षीस दिले असेल तर तो त्यांचा मोठेपणा.

ग्रेट बॅरिअर रीफचा आकडाही खोटा नव्हता, पण तो अर्धा होता. २०२२ची ती भर मुख्यतः भराभर वाढणाऱ्या, फांद्याफांद्यांच्या प्रवाळांची होती. ते झपाट्याने वाढतात आणि उष्म्याने तितक्याच झपाट्याने मरतात. तिथे १९९८ आणि २००२ साली मोठे विरंजन झाले. नंतर चौदा वर्षे बरी गेली. मग २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४. २०२५च्या अहवालात उत्तर आणि दक्षिण भागांत एका वर्षातली घट, नोंदी सुरू झाल्यापासूनच्या एकोणचाळीस वर्षांत सर्वांत मोठी निघाली.

मला वाटते सगळे मर्म या सालांमधल्या अंतरात आहे. ताप येतो म्हणून माणूस मरत नाही. एका तापातून उठण्याआधी दुसरा आला तर मरतो. जगभरच्या शंभर ठिकाणच्या नोंदी पाहून २०१८मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की, १९८०च्या सुमारास एखाद्या ठिकाणी तीव्र विरंजन पंचवीस-तीस वर्षांतून एकदा होई, आता ते सुमारे सहा वर्षांनी होते. भराभर वाढणाऱ्या प्रवाळांनाही सावरायला दहा ते पंधरा वर्षे लागतात. आपल्या लक्षद्वीपचेच पाहा. तिथे माणसे थोडी, समुद्र स्वच्छ, मासेमारीही बरीचशी खोल समुद्रातल्या कुपीची. प्रवाळांची काळजी घेतलेली जागा म्हणजे कशी असावी याचा जणू नमुना. पण १९९८, २०१० आणि २०१६ अशा तीन तापांनंतर, दोन तपांच्या नोंदी सांगतात, तिथले जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्यावर आले. त्यांच्यावर कोण उभे राहिले होते? समुद्र मात्र त्यांचाही तापला. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रच पोटात घेतो आहे. २०२३पासून जगातल्या चौथ्या सार्वत्रिक विरंजनाचा फटका सुरू झाला. एप्रिल २०२५पर्यंत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन होईल एवढा ताप पोचला होता. मामाच्या होडीचे डिझेल यात किती?

आणि तो रोपवाटिकेचा खांब! अमेरिकेतल्या फ्लोरिडात वर्षानुवर्षे खपून लोकांनी समुद्रात प्रवाळांच्या रोपवाटिका उभ्या केल्या होत्या. २०२३च्या उन्हाळ्यात पाणी इतके तापले की पाणबुड्यांनी ती रोपे खुडून, जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवली. बाहेर समुद्रात राहिलेल्या, सांबराच्या शिंगांसारख्या दिसणाऱ्या दोन प्रमुख जाती तिथून जवळपास संपल्या. आपल्याकडे मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली येथील अठरा प्रवाळ-वसाहती २०२०मध्ये उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या, मालवणातही प्रवाळांचे तुकडे लावण्याचे प्रयोग झाले. हे प्रयोग मी हसण्यावारी नेत नाही. पण रोप जगवणे वेगळे आणि त्यासाठी हवामान आणणे वेगळे, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही.

मग मामाने पाव टाकला काय नि नांगर टाकला काय, सारखेच, असे म्हणायचे का? पहाटेपर्यंत मी त्याच उत्तराकडे सरकत होते. सोपे उत्तर होते आणि भांडणही मिटले असते. पण मग मन्नारच्या आखाताची गोष्ट आठवली. तमिळनाडूजवळच्या तिथल्या एकवीस बेटांभोवतीचे प्रवाळ वर्षानुवर्षे चुन्यासाठी आणि बांधकामासाठी फोडून नेले गेले. लाटा अडवणारी भिंतच गेली, आणि एकवीसपैकी दोन बेटे आज पाण्याखाली आहेत. हे काही तापाने झाले नाही, पहारींनी झाले. शिवाय ज्याच्या अंगावर जखमा आहेत, ज्याच्यावर गाळ साचला आहे, ज्याच्या भोवतीचे शेवाळ खाणारे मासे पकडून नेले आहेत, तो प्रवाळ तापातून उठायला जास्त वेळ घेतो. आणि आपल्याकडे टंचाई आहे ती वेळाचीच. मामाने नांगर न टाकल्याने समुद्र थंड होणार नाही. त्या दगडाला दोन तापांच्या मध्ये कदाचित थोडा अधिक अवकाश मिळेल. एवढेच. काही अभ्यासकांना असेही वाटते की गढूळ पाण्यातल्या प्रवाळांवर ऊन कमी पडते म्हणून ते जरा जास्त तग धरतील. मालवणच्या ज्या हिरवट पाण्यावर मी नाराज झाले होते, तेच कदाचित त्यांचे पांघरूण असेल.

सकाळी मी मामाला एवढेच म्हटले, "तुझ्या होडीने नाही तापवला." तो "हं" म्हणाला आणि माझ्या पायाला हळद लावलीस का म्हणून मामीवर खेकसला.

त्या दिवशी मी त्याच्या होडीवर मदतनीस म्हणून गेले. खडपाच्या अलीकडे, वाळूवर, मोठा दगड बांधून एक जुना प्लास्टिकचा ड्रम तरंगत ठेवला होता. नांगर न टाकता मामाने होडी त्याला बांधली. तो ड्रम रात्रीतून आला की आधीपासूनच होता, हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. पाव मात्र खरेच निघाला नाही. एका लहान मुलाने मासे जवळ येत नाहीत म्हणून भोकाड पसरले तेव्हा त्याच्या वडिलांनी पैसे कमी देण्याची भाषा केली, आणि मामाने शंभर रुपये सोडले. ते मी मोजले.

पाण्यात उतरवण्यापूर्वी तो पुण्याच्या मंडळींना स्वच्छ मराठीत म्हणाला, "खाली दगड दिसतील, त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही. दगड नाहीत ते. ही आमची भाची, कॉलेजात शिकते, काल हिनेच ठेवला. दाखव गो पाय." आणि मी, दुसऱ्या क्रमांकाची वक्ती, होडीच्या काठावर बसून बारा अनोळखी माणसांना पट्टी बांधलेला तळपाय दाखवला. दिवसातून चार फेऱ्या, चारही फेऱ्यांना. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण माझ्या देखत एकानेही पाय टेकले नाहीत.

त्या प्राध्यापिकाबाईंना मी पत्र लिहिले. आधी पाहिले नव्हते, आता पाहिले आहेत, असे दोन ओळींत कळवले. त्यांचे उत्तर आले: "किती मोठे होते?" मी परातीएवढे म्हणून लिहिले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मामाचा फोन आला. एरवी तो आईशी बोलतो, त्या दिवशी मला बोलाव म्हणाला. पाणी पंधरा-वीस दिवस कोमट लागते आहे, बुडी मारली तरी थंड वाटत नाही, असे सांगितले. मग जरा थांबला.

"तो तुझो दगड वरसून पांढरो पडलो आसा."

मी विचारले, सगळा? नाही, म्हणाला, वरचा भाग, बाजूने अजून रंग आहे. मग म्हणाला, "परत येतलो मा? तू भाषाण केल्लस मा, मगे सांग."

मी म्हटले, मामा, पाऊस लवकर आला, पाणी लवकर निवले तर येईल. तो म्हणाला, पाऊस काय आपल्या हातात आहे? आणि पुढे आंब्यांचे बोलला.

पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. तेव्हापासून होड्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी झाकून ठेवल्या आहेत. समुद्र इतका खवळलेला आणि लाल की खाली काय आहे हे कुणालाच दिसणार नाही. नारळी पौर्णिमा होईल, त्यानंतरही पाणी निवळायला महिना जाईल. मग पहिल्या दिवशी गिऱ्हाइके घेण्याआधी, एकटाच जाऊन पाहून येतो, असे मामाने कबूल केले आहे. संपादकांनी लेख या आठवड्यात मागितला आहे, म्हणून तेवढे थांबता आले नाही.